जुने ॲनालॉग सेट आणि नवे डिजिटल सेट एकत्र चालवायचे असतील तर: नव्याने वायरलेसवर आलेल्यांसाठी

पावसाळ्याआधीची रंगीत तालीम होती, नदीच्या घाटावर. होडीतल्या पथकाकडे जुने ॲनालॉग वॉकीटॉकी होते. काठावरच्या अग्निशमन जवानांच्या हातात महिन्यापूर्वी आलेले डिजिटल सेट. डोंगरावर नवा रिपीटर, म्हणजे आलेली हाक पकडून जास्त ताकदीने पुढे पाठवणारं यंत्र, आणि तो बसवून देणाऱ्याने सांगितलं होतं, "साहेब, यावर दोन्ही चालतात." काठावरून हाक गेली, "होडी एक, होडी एक, तुमच्या डाव्या हाताला माणूस वाहत चाललाय." होडीतल्या सेटमधून फक्त 'घर्रर्र' असा सलग आवाज आला. होडीवाल्या दादांनी सेट हलवून पाहिला, तळहातावर आपटला, आवाज बारीक केला आणि लाइफ जॅकेटच्या खिशात कोंबला. सेट बिघडला असं त्यांना वाटलं. पाण्यात पुतळा सोडला होता म्हणून त्या दिवशी कुणाचं काही गेलं नाही.

सेट बिघडलेला नव्हता. रिपीटरही अगदी सांगितल्याप्रमाणे काम करत होता. चूक आमच्या समजुतीत होती: 'दोन्ही चालतात' याचा अर्थ 'दोघं एकमेकांशी बोलू शकतात' असा आम्ही धरला होता. पोलीस बिनतारी, अग्निशमन दल, जिल्हा नियंत्रण कक्ष, नगरपालिकेचा आपत्ती कक्ष किंवा नागरी संरक्षण अशा ठिकाणी तुम्ही नव्याने रुजू झाला असाल आणि कपाटात दोन्ही प्रकारचे सेट असतील, तर कामाला कुठून लागायचं ते इथे क्रमाने सांगतो. पुढच्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी हीच परिस्थिती असणार आहे, कारण सगळे सेट एका दिवसात बदलण्याइतका पैसा कुठल्याच खात्याकडे नसतो.

पायरी १: आधी कानाने ओळखायला शिका

पुस्तक उघडण्याआधी एक ॲनालॉग आणि एक डिजिटल सेट घ्या, सोबत एक सहकारी घ्या आणि इमारतीच्या जिन्याने खाली तळघराकडे चालायला लागा. ॲनालॉगवर आवाज हळूहळू खरखरीत बुडत जाईल. शब्द अर्धे ऐकू येतील, तरी "माणूस काहीतरी बोलतोय, अडचणीत आहे" एवढं कान सांगतो. डिजिटलवर आवाज शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ राहील, मग दोन-तीन शब्द रोबोसारखे तुटतील आणि पुढे काहीच नाही. कडा संपावा तसा. नव्या माणसाला डिजिटल 'जास्त लांब जातं' असं वाटतं ते यामुळेच. धोक्याची सूचना देणारी खरखर तिथे नसते.

हे का होतं ते थोडक्यात. ॲनालॉग एफएममध्ये तुमच्या आवाजाप्रमाणे लहरीची वारंवारता मागेपुढे हलते, आणि समोरचा सेट ती हालचाल जशीच्या तशी कानावर घालतो. डिजिटल सेट तुमचा आवाज आधी आकड्यांत मोडतो. आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या डीएमआर पद्धतीत बोलण्यासाठी सेकंदाला फक्त २,४५० बिट खर्च होतात, त्यावर चुका दुरुस्त करणारे आणखी १,१५० बिट चढतात. दुरुस्ती शक्य आहे तोवर आवाज स्वच्छ, त्यापुढे शून्य.

डीएमआर १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलचे वेळेनुसार दोन वाटे करतं. प्रत्येक वाटा ३० मिलिसेकंदांचा, त्याला टाइमस्लॉट म्हणतात. एकाच वारंवारतेवर दोन संभाषणं चालतात ती अशी. यामुळे कानाला एक उपयोगी खूण मिळते. जवळचा डिजिटल सेट थेट बोलत असेल तर ॲनालॉग सेटवर तुटक 'टर्रर्रर्र' येतो, कारण तो सेट सेकंदाला साधारण १७ वेळा चालू-बंद होतो. रिपीटर बोलत असेल तर आवाज सलग येतो, आम्हाला होडीत ऐकू आला तसा. हे दोन आवाज प्रत्येक चालकाला ओळखता आले पाहिजेत. 'टर्रर्र किंवा सलग घर्रर्र ऐकू आला म्हणजे कुणीतरी डिजिटलवर बोलतंय, माझा सेट ठीक आहे' हे एक वाक्य माहीत असतं तर दादांनी सेट खिशात घातला नसता.

पायरी २: प्रत्येक सेट हातात घेऊन यादी करा

भांडार नोंदवहीवर विसंबू नका. टेबलावर सेट मांडा आणि प्रत्येकासाठी एक ओळ लिहा: मॉडेल, अनुक्रमांक, व्हीएचएफ की यूएचएफ (म्हणजे कमी वारंवारतेच्या पट्ट्यातला की जास्त), फक्त ॲनालॉग की दोन्ही, कोणत्या डिजिटल पद्धतीचा, बॅटरी कधीची, कोणाकडे असतो.

'डिजिटल' ही एकच भाषा नाही. डीएमआर, टेट्रा आणि अमेरिकेत पोलीस-अग्निशमन वापरतात ती पी२५, या तिघी एकमेकींना समजत नाहीत. टेट्रा २५ किलोहर्ट्झमध्ये चार टाइमस्लॉट बसवते. दिल्ली मेट्रोची रेल्वे यंत्रणा टेट्रावर चालते. तुमच्या शहरात मेट्रो टेट्रावर, पोलीस डीएमआरवर आणि पालिकेची जुनी वाहनं ॲनालॉगवर असतील, तर तिघांना एकत्र आणणारी भाषा बहुधा ॲनालॉगच ठरते. आणि दोन खात्यांचे सेट डीएमआरचे असले तरी सांकेतिकीकरण वेगवेगळ्या कंपन्यांचं असेल तर तिथेही बोलणं जुळत नाही.

यादीत एक रकाना हमखास सुटतो, तो म्हणजे चॅनेलची रुंदी. जुने ॲनालॉग सेट २५ किलोहर्ट्झसाठी लावलेले असतात, त्यात आवाज वारंवारतेला ५ किलोहर्ट्झपर्यंत हलवतो. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ही मर्यादा २.५ असते. रुंद सेटवर अरुंद सेटचा आवाज बारीक येतो, आणि अरुंद सेटवर रुंद सेटचा आवाज फाटतो. "त्या गाडीचा आवाज नेहमीच फाटका येतो" अशी तक्रार आली की माइक बदलण्याआधी ही नोंद पाहा. डिजिटलला हात लावण्याआधी सगळे ॲनालॉग सेट एकाच रुंदीवर आणून घ्या. अमेरिकेत ५१२ मेगाहर्ट्झखालच्या व्यावसायिक आणि सार्वजनिक सुरक्षेच्या सेटना १ जानेवारी २०१३ ही त्यासाठीची शेवटची तारीख दिली होती. आपण ती आपल्या खात्यापुरती स्वतः ठरवायची.

पायरी ३: परवाना काढून वाचा

भारतात वारंवारता दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडून मिळते. परवान्याच्या कागदावर वारंवारतेशेजारी एक सांकेतिक शब्द असतो, तो उत्सर्जनाचा प्रकार. '१६के०एफ३ई' म्हणजे रुंद ॲनालॉग आवाज, '११के०एफ३ई' म्हणजे अरुंद ॲनालॉग, '७के६०एफएक्सई' म्हणजे डीएमआरचा आवाज. तुमच्या कागदावर फक्त एफ३ई असेल, तर त्या वारंवारतेवर डिजिटल चालू करण्याआधी परवान्यात बदल करून घ्या. सेट आधी येतात आणि कागद नंतर, हे मी अनेकदा पाहिलं आहे. हस्तक्षेपाची तक्रार आली की त्यात अडकतो तो कक्षात बसलेला माणूस.

पायरी ४: जोडण्याची पद्धत ठरवा

या पायरीवर घाई करू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे दोघांना जोडायचंच नाही. नव्या डिजिटल सेटमध्ये ॲनालॉग चॅनेलही भरायचे आणि ठरवायचं की संयुक्त कामात नव्या सेटवाल्यांनी ॲनालॉग चॅनेलवर यायचं. खर्च नाही, नवं यंत्र नाही, बिघडण्यासारखं काही नाही. लहान नगरपालिकेला माझा सल्ला हाच असतो.

दुसरा मार्ग मिश्र रिपीटरचा, म्हणजे 'डायनॅमिक मिक्स्ड मोड'. हा रिपीटर ॲनालॉग हाक आली की ॲनालॉग पुढे पाठवतो, डिजिटल आली की डिजिटल. दुभाष्याचं काम तो करत नाही. एकाच विहिरीवर दोन वाड्यांनी पाळीपाळीने पाणी भरावं तसं. जुन्या-नव्यांना एकच वारंवारता आणि एकच डोंगर वापरता येतो एवढाच त्याचा फायदा, आणि बदलाच्या काळात तो लहान नाही. मात्र ॲनालॉग हाक चालू असताना अख्खा चॅनेल तिच्याकडे जातो, त्यामुळे डिजिटलचे दोन्ही टाइमस्लॉट थांबतात. ज्या दिवशी जुने सेट खूप बोलतात त्या दिवशी नव्या सेटवाल्यांना 'चॅनेल मिळत नाही' असा सूर वारंवार ऐकू येतो. मोठ्या बंदोबस्ताच्या आधी हे लक्षात असू द्या.

तिसरा मार्ग वेगवेगळ्या रिपीटरचा: ॲनालॉग आहे तिथेच राहील, डिजिटलसाठी नवी वारंवारता. स्वच्छ, पण परवाना, मनोरा आणि वीज यांचा खर्च दुप्पट.

चौथा गेटवेचा. दुभाष्या हाच. एक ॲनालॉग सेट आणि एक डिजिटल सेट शेजारी ठेवून त्यांचा आवाज तारांनी किंवा नेटवर्कवरून एकमेकांत सोडायचा. होडीवाल्यांना काठावरच्यांचं बोलणं खरोखर ऐकवायचं असेल तर हाच लागतो. त्याच्याबद्दल सहाव्या पायरीत सविस्तर सांगतो.

कोणताही मार्ग घ्या, माझा एक आग्रह आहे. जिथे जीव धोक्यात असतात त्या जागेवरचं, म्हणजे आगीच्या इमारतीतलं, दरडीखालच्या वाडीतलं, पुरातल्या होडीतलं बोलणं ॲनालॉगवर आणि सेट-ते-सेट थेट ठेवा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने मार्च २००१ मध्ये नवे डिजिटल हातसेट वापरात आणले, आणि एका अडकलेल्या जवानाची मदतीची हाक जागेवरच्या इतरांना ऐकू न आल्यावर काही दिवसांतच मागे घेतले. ११ सप्टेंबरला त्यांच्या हातात पुन्हा जुनेच ॲनालॉग सेट होते, आणि त्या दिवशी जागतिक व्यापार केंद्रातल्या रिपीटरचा वापरही नीट होऊ शकला नाही. दोन्ही घटनांतून मी एकच गोष्ट घेतली: जागेवरच्या माणसाची हाक शेजारच्या माणसापर्यंत पोचायला मध्ये कुठलंही यंत्र लागू नये.

थेट ॲनालॉगमध्ये दोघं एकदम बोलले तर बहुधा शीळ किंवा कर्कश आवाज येतो आणि कळतं की कुणीतरी दुसराही बोलायला पाहतोय. डिजिटलमध्ये असे दोघं एकदम आले तर एकच ऐकू येतो, नाहीतर काहीच येत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत रस्ता नव्हता, बचावपथकं पायी वर चढली. अशा डोंगराच्या कुशीतून तुमचा रिपीटर दिसेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून थेट चॅनेल हवा, आणि तो कपाटातल्या सर्वांत जुन्या सेटमध्येही हवा.

पायरी ५: कोडप्लग लिहा

सेटमध्ये भरायच्या माहितीला सगळे कोडप्लग म्हणतात. ती संगणकावर बसण्याआधी कागदावर लिहा.

चॅनेलचा क्रम सर्व सेटमध्ये एकच ठेवा. अंधारात, हातमोजे घातलेला माणूस नॉब फिरवून मोजतो, पडदा वाचत नाही. नॉब पूर्ण डावीकडे वळवला की थेट ॲनालॉग चॅनेल, मग तो कोणाचाही सेट असो. दुसऱ्या जागी ॲनालॉग रिपीटर, तिसऱ्यापासून डिजिटल. नावंही बोलतात तशीच द्या. 'आग थेट', 'शहर जुना', 'शहर नवा' ही नावं 'व्हीएचएफ ०३' पेक्षा लवकर कळतात.

आता टोन. ॲनालॉग चॅनेलवर आवाजाखाली एक बारीक, कानाला न जाणवणारा सूर पाठवता येतो, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा. याचं नाव सीटीसीएसएस, बोलताना सगळे 'टोन' म्हणतात. बरेच जण तो फक्त पाठवण्याच्या बाजूला भरतात, म्हणजे रिपीटर उघडतो आणि काम झालं असं वाटतं. तो ऐकण्याच्या बाजूलाही भरा. मग सेट त्या सुराशिवाय तोंड उघडतच नाही आणि डिजिटलची घरघर स्पीकरपर्यंत येत नाही. घाटावरच्या होडीतल्या सेटमध्ये ऐकण्याचा टोन रिकामा होता. तो भरायला प्रत्येक सेटला दोन मिनिटं लागली. थेट चॅनेलवर मात्र मी ऐकण्याचा टोन रिकामाच ठेवतो, कारण टोन चुकलेला शेजारच्या गावाचा सेटही तिथे ऐकू आला पाहिजे.

डिजिटल बाजूला टोनच्या जागी कलर कोड असतो, ० ते १५ पैकी एक. शेजारच्या जिल्ह्याने तीच वारंवारता घेतली असेल तर दोघांचे कलर कोड वेगळे हवेत. त्यावर टॉकग्रुप, म्हणजे कोणाची हाक कोणाला जायची याचा क्रमांक. सुरुवातीला टॉकग्रुप कमी ठेवा. वीस गट करून दिलेली एक यंत्रणा मी पाहिली आहे. सहा महिन्यांनी सगळे एकाच गटावर बोलत होते आणि उरलेले एकोणीस फक्त नॉब चुकीच्या जागी फिरवायला उपयोगी पडत होते. प्रत्येक सेटला स्वतःचा ओळखक्रमांक द्या आणि यादीत नोंदवा. दोन सेटना एकच क्रमांक गेला तर आणीबाणीत कोण हाक मारतोय ते कळत नाही.

बोलण्याची परवानगी ठरवणारं एक कलम असतं. त्यात 'चॅनेल मोकळा असेल तरच' हा पर्याय निवडा, दोन्ही प्रकारच्या सेटमध्ये. 'आपला टोन नसेल तर' किंवा 'आपला कलर कोड नसेल तर' हे पर्याय मिश्र चॅनेलवर घातक आहेत. डिजिटल सेटला ॲनालॉग बोलणं 'आपलं' वाटत नाही, तो त्यावर बेधडक चढतो. उलट बाजूलाही तेच. कमाल बोलण्याची वेळ ६० सेकंद ठेवा, म्हणजे सीटखाली दाबला गेलेला माइक अख्खा चॅनेल धरून बसणार नाही.

आणीबाणीचं नारिंगी बटण. ते डिजिटल इशारा पाठवतं, आणि तो जुन्या सेटवर पोचत नाही. नवा सेट ॲनालॉग चॅनेलवर असताना ते बटण दाबलं तर, वेगळी सोय केली नसेल तर, कुठेच काही जात नाही. सेटमध्ये आणीबाणीसाठी ठराविक डिजिटल चॅनेल भरून ठेवता येतो, बटण दाबताच सेट तिकडे उडी मारतो. पण मग जागेवरचे ॲनालॉगवरचे साथीदार त्याला ऐकत नाहीत. त्यामुळे मी शिकवताना सांगतो: आधी तोंडाने हाक मारा, मग बटण दाबा.

स्कॅनिंग शक्यतो टाळा. ॲनालॉग आणि डिजिटल चॅनेल आळीपाळीने तपासणारा सेट पहिला शब्द हमखास गिळतो, आणि वायरलेसवर पहिला शब्द बहुधा नाव असतं.

पायरी ६: गेटवे लावा, आणि त्याला मोकळा सोडू नका

गेटवेला जोडायचे सेट, म्हणजे डोनर सेट, दोन: एक ॲनालॉग, एक डिजिटल. शक्य असेल तर एक व्हीएचएफ, दुसरा यूएचएफ. दोन्ही एकाच पट्ट्यात असतील तर एक बोलायला लागला की दुसरा बहिरा होतो, कारण शेजारची ताकद त्याच्या कानात भरते. पर्याय नसेल तर अँटेना एकाच खांबावर वर-खाली, जमेल तितक्या अंतराने लावा, मध्ये फिल्टर टाका, ताकद कमीत कमी ठेवा.

कोणी बोलतंय हे गेटवेने ओळखायचं ते आवाजावरून नव्हे. आवाजावर चालणाऱ्या व्हॉक्सला पंखा, सायरन, खोकला सगळं बोलणंच वाटतं. सेटच्या मागच्या जोडणीतून 'सिग्नल आला' असं सांगणारी तार मिळते, तिला सीओआर म्हणतात. तीच वापरा, आणि ॲनालॉग बाजूला तिला टोनची अट घाला. इथे एक बारकी गोष्ट आहे, ती शोधायला मला एक पूर्ण रात्र लागली होती. बोलणारा थांबल्यावर ॲनालॉग रिपीटर दोन-तीन सेकंद चालू राहतो. ती शेपटी टोनसकट असेल तर गेटवेला वाटतं अजून कुणी बोलतंय, तो डिजिटल बाजू धरून ठेवतो. डिजिटल रिपीटरची शेपटी मग ॲनालॉगला धरते. आणि दोघं रात्रभर एकमेकांना जागं ठेवतात. रिपीटरमध्ये 'शेपटीत टोन नको' असा पर्याय असतो, तो चालू करा. त्याच कारणाने त्याच दोन चॅनेलमध्ये दुसरा गेटवे कधीही लावू नका.

आवाजाची पातळी कानाने लावू नका, मोजून लावा. ॲनालॉग बाजूला १,००० हर्ट्झचा सूर देऊन १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर १.५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (वारंवारतेचं हलणं) मिळेल असं ठेवा, म्हणजे कमाल मर्यादेच्या ६० टक्के. त्याच सुराने डिजिटल बाजूची पातळी जुळवा, मग माणसाच्या बोलण्याने पडताळा. डिजिटलचा व्होकोडर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग, माणसाच्या आवाजासाठी बनवलेला आहे, त्यामुळे शुद्ध सूर तिकडे वेडावाकडा येऊ शकतो. याचाच दुसरा परिणाम असा की ॲनालॉग बाजूची खरखर गेटवेतून डिजिटलमध्ये गेली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. जुन्या सेटवर थेट समजलं असतं ते गेटवेपलीकडे समजत नाही. म्हणून ॲनालॉग डोनरची अँटेना उंच आणि चांगली हवी.

उशीर होणारच. डिजिटलची प्रक्रिया आणि गेटवे मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातात, कधी जास्त. एकाच जीपमध्ये दोन्ही सेट मोठ्याने चालू असतील तर प्रतिध्वनी येतो, आणि त्यातल्या एकाचा माइक दाबला तर शिट्टी सुरू होते. एका गाडीत एकच सेट बोलका.

जोडणी कायमची ठेवू नका. नियंत्रण कक्षातल्या चालकाने ती घटनेपुरती करायची, दोन्ही बाजूंना सांगून: "शहर जुना आणि शहर नवा जोडले आहेत." काम संपलं की पुन्हा सांगून तोडायची, आणि दोन्ही वेळा नोंदवहीत लिहायच्या. याला एक मोठं कारण आहे. सांकेतिक केलेलं डिजिटल बोलणं गेटवेतून ॲनालॉगवर आलं की ते उघडं होतं, साध्या सेटवर कुणीही ऐकू शकतं. पीडितेचं नाव, छाप्याचा पत्ता, मृतांची ओळख अशा गोष्टी त्या क्षणी कुणीतरी बोलून जातं, आपण सुरक्षित चॅनेलवर आहोत अशा समजुतीत.

पायरी ७: बोलायला शिकवा

पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबा, परवानगीचा सूर येऊ द्या, मनात 'एक' म्हणा आणि मग बोला. गेटवे जोडलेला असेल तर 'एक, दोन' म्हणा.

माइक तोंडापासून ३ ते ५ सेंटिमीटरवर. अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ फायर चीफ्सने, डिजिटल सेट आगीच्या जागेवर समजत नाहीत अशा तक्रारींवर काम करून २००८ मध्ये सूचना दिल्या, त्यात हेच अंतर आहे, एक ते दोन इंच. पंप, करवत, श्वसनयंत्राची धोक्याची घंटी असे आवाज माइकमध्ये शिरले की व्होकोडर त्यांनाही बोलणं समजून कालवतो. एकदा पंपाशेजारी उभं राहून प्रत्येक जवानाला हे ऐकवाच. सेट छातीला अडकवून ओरडलेलं वाक्य पलीकडे नुसता चिखल होऊन येतं. तेच वाक्य पंपाकडे पाठ करून, माइकला हाताचा आडोसा करून, साध्या आवाजात म्हटलं तर शब्दन् शब्द कळतो. दोन मिनिटांच्या या प्रयोगाने जेवढं काम होतं तेवढं तासभराच्या व्याख्यानाने होत नाही.

आपल्या भाषेतले आकडे इथे विशेष त्रास देतात. सहा आणि दहा, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, तुटक डिजिटल आवाजात हे एकमेकांचे भाऊ होतात. गाडीचा नंबर, मजला, किलोमीटर, सगळं एकेक अंक सुटा करून सांगा. 'एकोणसाठ' नाही, 'पाच नऊ'. 'दहा' नाही, 'एक शून्य'. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, मगच 'ओव्हर'.

पायरी ८: फिरून पाहा

हाक कुठपर्यंत पोचते ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रंगीत पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. गाडीत दोन्ही सेट घ्या, गावातलं प्रत्येक रुग्णालय, बाजार, शाळा, पूल आणि तळघर यांची यादी घ्या. प्रत्येक ठिकाणी दोन्हींवर एकच वाक्य म्हणा, आणि कक्षातल्याने लिहायचं: एकदा ऐकून कळलं, पुन्हा म्हणायला लावलं, की कळलंच नाही. डीएमआर सेटची संवेदनशीलता ५ टक्के बिट चुकांवर मोजतात. तंत्रज्ञाकडे ते मोजायची सोय असेल तर आकडेही घ्या, पण निर्णय माणसाच्या कानावर करा. कमरेला लावलेल्या सेटने पाहा, हातात उंच धरलेल्याने नव्हे. काम करणाऱ्याचा सेट कमरेलाच असतो. आणि पावसाळ्यात एकदा पुन्हा फिरा. ओली झाडी आणि पाणी शिरलेली अँटेनाची केबल उन्हाळ्यातला निकाल बदलून टाकतात.

पायरी ९: बदलाचा दिवस आणि नंतर

नियंत्रण कक्ष आधी, गाड्या नंतर, हातसेट शेवटी. कक्षात पहिल्या दिवसापासून दोन्ही सेट चालू हवेत आणि दोन्हींना बॅटरीचा आधार हवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. नेटवर्कवरून चालणारा गेटवे अशा दिवशी सर्वांत आधी जातो. त्यामुळे गेटवे नसताना काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं: सगळ्यांनी नॉब पूर्ण डावीकडे.

चॅनेलचं एक पत्रक छापून, लॅमिनेट करून प्रत्येक गाडीत सन व्हायझरच्या मागे लावा. त्यावर चार ओळी पुरतात: कोणत्या जागी कोणता चॅनेल, टर्रर्र आणि घर्रर्र आवाजांचा अर्थ, बोलण्याआधी किती थांबायचं, आणि रिपीटर गेला तर कुठे जायचं. जुने सेट भंगारात काढण्याची घाई करू नका. एक पेटी भरून, बॅटऱ्या चार्ज करून, थेट चॅनेलवर लावून ठेवा. शेजारच्या तालुक्यातून मदतीला आलेल्या पथकाच्या हातात द्यायला तीच उपयोगी पडते.

चाचणी दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. कक्षातून आधी ॲनालॉगवर, मग डिजिटलवर, मग गेटवे जोडून हाक. प्रत्येक गाडीने तिन्हींना उत्तर द्यायचं. जी गाडी दोनांना देते आणि तिसऱ्याला देत नाही, तिचा सेट त्याच दिवशी टेबलावर आणा. बहुतेक वेळा कुणीतरी दुरुस्तीत जुना कोडप्लग भरलेला असतो. म्हणून प्रत्येक कोडप्लगच्या नावात तारीख घाला, आणि सेटच्या मागे तीच तारीख चिकटपट्टीवर लिहा. आमच्या होडीवाल्या दादांच्या सेटवर आता ती पट्टी आहे. चाचणीच्या दिवशी ते सगळ्यांत आधी उत्तर देतात.